आठवी गाठ

"ही काय भानगड आहे?" देवस्थळी साहेबांनी खिळ्यावरची एक दोरी बोटाने उचलली आणि लगेच सोडली. तिला मिठाचा आणि सुक्या माशाचा वास येत असणार. सगळ्या झापालाच येत होता.

झाप म्हणजे धोंडूकाका तारींची शाळा. वर माडाची झावळं, एका बाजूला हवा भरायचा जुना कॉम्प्रेसर, कोपऱ्यात सहा सिलिंडर, आणि मागच्या फळ्यांच्या भिंतीवर तीन रांगांत खिळे. प्रत्येक खिळ्यावर दुमडून टांगलेली, पुरुषभर लांबीची एक दोरी. दोरीच्या वरच्या टोकाला कापडाची चिंधी, खाली गाठी.

आत शिरल्या शिरल्या माझी नजर तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा होता. दोरी कुजली असेल किंवा उंदरांनी नेली असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायचं कारण काय होतं, ते सांगतो. पण आधी समितीचं सांगायला हवं.

आमची खडपेवाडी मालवणच्या दक्षिणेला. समोर समुद्रात खडप म्हणजे बुडालेला कातळ आहे, त्याच्या पोटात रंगीत मासे आणि प्रवाळ, आणि ते बघायला पुण्या-कोल्हापूरची माणसं तेव्हा नुकतीच येऊ लागली होती. एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या हंगामात शेजारच्या वाडीतल्या कोणा हौशा माणसाने एका पर्यटकाला सिलिंडर बांधून खाली नेलं आणि तो वर आला तो प्रेत होऊनच. प्रेत काढलं धोंडूकाकांनी. पेपरात बोंबाबोंब झाली, मग जिल्ह्याने देवस्थळी साहेबांच्या हाताखाली समिती नेमली. स्कूबा शिकवणाऱ्या कोणत्या संस्थांचं कार्ड सरकार मानणार, त्याची यादी समितीने करायची होती. ज्याच्याकडे यादीतल्या संस्थेचं कार्ड, त्यानेच माणसं पाण्याखाली न्यायची. बाकीच्यांनी किनाऱ्यावर बसून शहाळी विकायची.

अर्ज तीनच आले होते. एक परदेशी संस्था, तिचं कार्ड निळं, म्हणून आम्ही तिला निळं कार्डच म्हणायचो. चार दिवसांचा कोर्स, गुळगुळीत कागदाचं पुस्तक, इंग्रजीत लेखी परीक्षा. दुसरी मुंबईची, पिवळ्या कार्डवाली, तीन दिवसांत मोकळी. आणि तिसरा अर्ज 'खडपेवाडी बुडी संघ'. एक पानी. धोंडूकाकांच्या मुलीने, चित्राने, मालवणात जाऊन टाइप करून आणलेला. कोर्सची मुदत या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'तीन महिने, किंवा माणूस तयार होईपर्यंत.'

आणि समितीत स्थानिक तज्ज्ञ सदस्य कोण, तर मी. हेमंत मोंडकर. वय वर्षं अठ्ठावीस, निळ्या कार्डाचा इन्स्ट्रक्टर, खडपेवाडीतला पहिला. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट. वाळूत बूट घालून चालणारा माणूस मूर्ख दिसतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. निळ्या कार्डवाल्यांनी मला कळवलं होतं की यादीत आमचं नाव वर राहिलं, तर या किनाऱ्यावरचं त्यांचं केंद्र माझ्या नावाने निघेल. लाच म्हणावी असं त्यात काही नव्हतं. सरळ पत्र होतं, लेटरहेडवर.

"साहेब, ह्यो आमचो दाखलो," धोंडूकाका म्हणाले.

बासष्टीचा माणूस. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, तो त्यांनी लग्नाबिग्नातच घातलेला मी पाहिला होता. तरुणपणी मुंबई बंदरात बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापायला खाली उतरायचे. वीस वर्षं तेच केलं. परत आले ते कॉम्प्रेसर घेऊन. वाडीत त्यांना चेष्टेने बुडीमास्तर म्हणायचे, आणि होडीचा नांगर अडकला की मात्र चेष्टा सोडून त्यांच्याच दारात जायचे.

"दाखला?" देवस्थळी हसले. वाईट माणूस नव्हता. सकाळपासून तीन गावं फिरून दमलेला होता. "ही तर दोरी आहे."

"एक गाठ म्हणजे एक काम शिकान झाला. श्वास, कान, नळी तोंडातसून काढून परत घालूची, अशी सात कामा. दोन गाठींच्या मधी जितकी बोटा, तितके दिवस लागले. एक बोट, एक दिवस."

"आणि ही चिंधी?"

"ज्याची दोरी, त्याच्या कपड्याची. माका लिवूक येणा नाय साहेब. पण दोरी खोटा बोलणा नाय."

चित्राने पुढे होऊन नीट शुद्ध मराठीत समजावलं. तेविशीतली पोर, बापापेक्षा उंच, केस खाऱ्या पाण्याने तांबूस झालेले. ती वाडीतल्या बायकांना शिकवायची, चार जणी तयारही केल्या होत्या. "साहेब, आठवी गाठ आम्ही मारत नाही. ती ज्याची त्याने मारायची. आठ वाव पाण्याखाली, तळाला बसून, डोळ्यांवरचा मास्क काढून. दिसत काहीच नाही, डोळ्यांत मीठ जातं, नाकात पाणी जातं. तरी शांत बसून गाठ मारायची आणि मास्क परत घालायचा. ती मारल्याशिवाय बाबा कोणालाच दुसऱ्या माणसाला घेऊन पाण्यात जाऊ देत नाहीत. वाव म्हणजे हे एवढं," तिने दोन्ही हात पसरून दाखवले.

"कोरड्यावर मारलेली गाठ धरणत नाय," धोंडूकाका म्हणाले.

"आतापर्यंत किती जणांनी मारली?"

"एकेचाळीस जण शिकले. आठवी गाठ सदतीस जणांची," चित्रा म्हणाली. "तेवीस वर्षांत एकही अपघात नाही."

देवस्थळींनी फायलीत बघितलं. "त्याची नोंद?"

"भिंतीवर आहे."

"अहो बाई, उद्या कोणी बुडालं आणि मी कोर्टात उभा राहिलो, तर न्यायाधीशाच्या टेबलावर दोरी ठेवू?" मग ते माझ्याकडे वळले. "मोंडकर, तुम्ही इथले. यातून खरंच काही कळतं का? कळत असेल तर मी लिहितो तसं. नोंद ठेवायची स्थानिक पद्धत आहे, वाचता येते, संस्थेने सहा महिन्यांत रजिस्टर करावं, तोवर तात्पुरती मान्यता. माझी हरकत नाही. पण तुम्ही सही करायला हवी."

म्हणजे एका वाक्याचा प्रश्न होता. होय म्हटलं की झालं असतं.

चित्राचा चेहरा उजळला. "हेमंतदादाला विचारा ना साहेब. तो इथेच शिकला."

"तुम्ही इथे शिकलात?"

"लहानपणी थोडं पोहायला, साहेब," मी म्हणालो.

कॉम्प्रेसरवर एक मांजर झोपलं होतं, ते उठून गेलं. चित्रा माझ्याकडे बघत राहिली, मग बापाकडे बघितलं. धोंडूकाका खाली वाळूकडे बघत होते. दुसरा खोटं बोलला तरी मान आपण खाली घालायची, असा तो माणूस.

चित्राने भिंतीवरची एक दोरी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "वाच," ती म्हणाली. दादा-बिदा काही नाही.

हिरवी चौकड्याची चिंधी. इक्बाल होडेकरची लुंगी. पहिल्या तीन गाठी जवळजवळ, मग चौथीनंतर एकोणीस बोटं मोकळी दोरी. त्याचे कान फुटले होते आणि काकांनी त्याला एकोणीस दिवस पाण्याला पाय लावू दिला नव्हता. इक्बाल चिडून घरी गेला, एकोणिसाव्या दिवशी परत आला. नंतरच्या गाठी सरळ, आणि आठवी थोडी वाकडी, कारण काही न दिसता मारलेली. पुस्तकात वाचावं तसं मला ते सगळं वाचता येत होतं. निळ्या कार्डाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये इतकं लिहिलेलं नसतं. तिथे फक्त 'उत्तीर्ण' असतं.

"गाठी आहेत साहेब," मी म्हणालो. "एवढंच. श्रद्धेचा भाग आहे."

'श्रद्धेचा भाग' हा शब्द मला कुठून सुचला, देव जाणे. सुशिक्षित माणसाला असे शब्द ऐन वेळी बरोबर सुचतात. देवस्थळींनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि फायलीत दोन ओळी लिहिल्या. मी त्यांच्याखाली सही केली. धोंडूकाकांनी सगळ्यांना शहाळी दिली. मलाही दिलं, कोयत्याने तोंड नीट तासून, पाणी सांडू नये म्हणून. मी ते प्यालो. गोड होतं.

आता त्या रिकाम्या खिळ्याचं.

मी बावीस वर्षांचा असताना धोंडूकाकांकडे शिकलो. पोहायला नव्हे, बुडी मारायला. तीन महिने आणि अकरा दिवस. माझ्या दोरीला कॉलेजच्या एनसीसीच्या शर्टाची खाकी चिंधी होती. सात गाठी मी न अडखळता मिळवल्या, काका वाडीत सांगत फिरायचे की मोंडकरांचा हेम्या माशासारखा आहे. मग आठवीचा दिवस आला. खडपाच्या बाहेरच्या अंगाला, आठ वाव. तळाला बसलो, काकांनी दोरी हातात दिली, मी मास्क काढला.

आणि मला वाटलं मी मेलो. दुसरे शब्द नाहीत माझ्याकडे. तोंडात नळी होती, नळीत हवा होती, पण नाकात पाणी शिरलं आणि मी सगळं विसरलो. दोरी टाकली, वाळूला लाथ मारली आणि श्वास रोखून वर सुटलो. आठ वावांवरून श्वास रोखून वर सुटणाऱ्या माणसाची छाती आतल्या आत फुटते. हे मला पाठ होतं, सहावी गाठ तीच होती.

कोणीतरी माझा घोटा धरला. काकांनी मला खाली ओढलं नाही, फक्त धरून ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने माझ्या पोटात एक गुद्दा मारला तेव्हा माझा श्वास सुटला. मग बोटभर, बोटभर करत मला वर आणलं. होडीत मी ओकलो आणि बायकांसारखा रडलो. वल्ह्यावर त्यांचा भाऊ होता, त्याला ते म्हणाले, "पोराक लागला रे समुद्र. काल काय तरी खाल्ल्यान." मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, "होता असा. परत जावया. घाई नाय."

मी परत गेलो नाही. महिनाभर दोरी खिळ्यावर सात गाठींची राहिली. मग मी बारा तासांची एसटी पकडून दुसऱ्या राज्यात गेलो, चार दिवसांत निळं कार्ड घेतलं आणि पुढे दोन वर्षांत इन्स्ट्रक्टर झालो. त्यांच्याकडेही मास्क काढायचा असतो, पण छातीभर पाण्यात, गुडघ्यावर बसून. घाबरलं की उभं राहायचं. खोल पाण्यातली ती परीक्षा असते पुस्तकात, पण त्या दिवशी लाटा होत्या, बोटीवर पंधरा जण होते, आणि परीक्षकाने सगळ्यांच्या नावापुढे एकदम टिक केली.

तेव्हा समितीच्या दिवशी मला भीती केंद्र हातचं जाण्याची नव्हती. दोऱ्या वाचता येतात असं मी म्हटलं असतं, तर चित्राने पुढची दोरी माझीच काढली असती. स्थानिक तज्ज्ञाची, सात गाठींची. खिळा रिकामा दिसला तरी ही भीती गेली नाही. रिकाम्या खिळ्याचीही गोष्ट सांगता येते. म्हणून मी सगळी भिंतच खोटी पाडली.

यादी लागली. निळं, पिवळं. बुडी संघ नाही. नोटीस झापाच्या खांबावर चिकटवायला शिपाई आला, तेव्हा धोंडूकाकांनी त्याला डिंक दिला, असं लोक सांगतात. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती ही. त्यांच्याकडे तयार झालेले सदतीस जण एका दिवसात अडाणी ठरले. ज्यांना परवडलं त्यांनी पिवळं कार्ड केलं, बाकीचे जाळ्यावर गेले. इक्बाल दुबईला गेला.

ऑक्टोबरात माझं केंद्र निघालं आणि तिसऱ्या दिवशी चित्रा दारात उभी राहिली.

"कोर्स करूचो आसा," ती म्हणाली.

"तुला काय गरज—" मी म्हणायला लागलो आणि थांबलो. गरज मीच निर्माण केली होती.

"कार्ड नसताना माका पाण्यात जाऊक देणत नाय. तूच सही केलंस ना?"

चार दिवस ती पुढच्या बाकावर बसली. इंग्रजी पेपर तिने शब्दकोश घेऊन सोडवला, सत्त्याण्णव टक्के मिळाले. मी फळ्यावर काही चुकीचं लिहिलं की ती हात वर करायची नाही, फक्त वहीत बरोबर लिहायची. चौथ्या दिवशी सकाळी शेवटची बुडी होती. बाकीचे दोघे पुण्याचे विद्यार्थी कानदुखीने होडीतच बसले. आम्ही दोघंच खाली गेलो. खडपाच्या बाहेरच्या अंगाला, कारण तिने होडीवाल्याला तिथेच न्यायला सांगितलं होतं.

नियम असा की आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग विद्यार्थ्याने करायचं. मी तळाला बसलो, पाटी काढली, तिला खूण केली की तूच कर. तिने एक क्षण वाट बघितली. मग मास्क काढला. डोळे मिटले. तिचे बुडबुडे एका लयीत वर जात होते, काही फरक नाही. मी पाटीवर टिक केली. तिने मास्क परत घातला, नाकाने पाणी बाहेर काढलं आणि पट्ट्यातून काहीतरी ओढून माझ्यापुढे धरलं.

खाकी चिंधी. सात गाठी.

तिने दोरी माझ्या हाताकडे सरकवली आणि स्वतःच्या मास्कवर बोट ठेवलं. मग माझ्या मास्ककडे दाखवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. ती वाट बघत होती. तिच्या बापासारखी, घाई नसल्यासारखी. मग तिने आपला एक हात माझ्या घोट्यावर ठेवला. धरला नाही, नुसता ठेवला.

तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

मी मान हलवली. अंगठा वर केला. आमच्या खुणांत त्याचा अर्थ एकच, वर चला.

होडीत तिने सिलिंडर उतरवलं, केस पिळले. पुण्याचे दोघे मासे दिसले का विचारत होते, त्यांना तिने हसून काहीतरी सांगितलं. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि दोरी आमच्या मधल्या फळीवर ठेवली.

"कुठे मिळाली?" मी विचारलं.

"बाबान दिल्यान. म्हणाले, खाली गेल्यावर दी, वर देऊ नको. वर दिलंस तर तेका लाज वाटात."

"त्या दिवशी खिळ्यावर नव्हती."

"नव्हतीच. समिती येवच्या दिवशी सकाळी उठून बाबान पयली तीच काढल्यान. मी विचारलंय, कित्या? तर म्हणाले, हेम्या साहेबांवांगडा येतलो, तेच्या सात गाठी कोणी मोजूक नको. तेचा नाव मोठा झाला हा, तेका खाली बघूक लावू नको." तिने दोरीचं टोक फळीवर सरळ केलं. "मी दोरी तुझ्या हातात दिलंय तेव्हा माका वाटला, तू वाचशीत. बाबांका वाटला नव्हता. तेनी मगे सांगल्यानी माका. तो वाचूचो नाय, भियालो हा, म्हणाले."

"मग तू शिकायला का आलीस माझ्याकडे?"

"दुसरो खंय आसा?" ती म्हणाली. तेवढंच.

बंदरावर उतरल्यावर मी तिच्या कार्डाच्या फॉर्मवर सही केली. फॉर्मवर एक ओळ असते, 'या विद्यार्थ्यास प्रशिक्षण देण्यास मी पात्र आहे.' तिच्याखाली सही करायची असते. केली. चित्राने कार्ड घेतलं, दोन वर्षं खडपावर काम केलं, मग लग्न होऊन रत्नागिरीकडे गेली आणि तिकडे स्वतःचं केंद्र काढलं. तिच्या केंद्रात भिंतीला खिळे आहेत असं ऐकतो. रजिस्टरही आहे, दोन्ही आहे.

धोंडूकाका परत पाण्यात उतरले नाहीत. चार दिवसांचा कोर्स करायला मी स्वतः त्यांना फुकट बोलावलं होतं, हे मी अनेकांना सांगत असे, आणि ते ऐकून लोक माझं कौतुक करत. ते आले नाहीत. होडीचा नांगर अडकला की आता माझ्या माणसांना बोलावतात. काका सहा वर्षांनी गेले, अंथरुणात, छातीत पाणी होऊन. मी खांदा दिला. पुढच्या बाजूचा.

आज मी या किनाऱ्यावरचा परीक्षक आहे. नऊशेच्या वर कार्डांवर माझी सही आहे. नव्या संस्था मान्यतेसाठी येतात तेव्हा मलाच विचारतात, कोणती घ्यावी, कोणती नको, आणि मी चष्मा लावून त्यांची रजिस्टरं तपासतो. सगळी उत्तम असतात. शेवटच्या बुडीला मी होडीतच थांबतो, गुडघे दुखतात असं सांगतो.

दोरी माझ्या कपाटात आहे. सातव्या गाठीनंतर काकांनी चांगली वीतभर, म्हणजे बारा बोटं, मोकळी सोडली होती. सातवीनंतर कोणाच्याही दोरीला इतकी सोडत नसत. एक बोट एक दिवस, या हिशेबाने बारा दिवस झाले. बाराव्या दिवशी मी येईन असं त्यांना वाटलं असावं. आज सत्तावीस वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत घरी कोणी नसताना मी टेबलाशी बसून डोळे मिटले आणि आठवी गाठ मारली. नीट बसली, इक्बालच्या गाठीपेक्षा सरळ. थोडा वेळ ती बोटांनी चाचपत बसलो. मग सोडवली आणि दोरी होती तशी आत ठेवून दिली.